चार डॉलरचे बारा: जपानची दारं उघडली तेव्हा

१८५९ च्या उन्हाळ्यात योकोहामा बंदर परदेशी व्यापाऱ्यांसाठी खुलं झालं आणि पहिल्या काही महिन्यांतच तिथे एक अजब धंदा जोरात चालू लागला. त्याला माल लागत नव्हता, गोदाम लागत नव्हतं. खिशात मेक्सिकोचे चांदीचे चार डॉलर असले की झालं. ते जपानी सरकारी कचेरीत द्यायचे आणि बदल्यात 'इचिबू' नावाची चांदीची बारा नाणी घ्यायची. बारा इचिबूंना जपानी हिशेबानं तीन 'कोबान' मिळत. कोबान म्हणजे सोन्याचं चपटं, लंबगोल नाणं. ते तीन कोबान घेऊन शांघाय किंवा हाँगकाँग गाठायचं आणि तिथे सोनं विकायचं. हातात जवळजवळ बारा डॉलर पडत.

चार गेले, बारा आले. तेही चोरून नाही, कराराप्रमाणे.

जपाननं दोनशे वर्षं दारं लावून घेतली होती, १८५३ मध्ये अमेरिकेचा कमोडोर पेरी तोफा घेऊन आला आणि दारं उघडली, एवढं आपल्याला शाळेपासून माहीत असतं. मला ही गोष्ट कायम अर्धवट वाटत आली आहे. पेरीशी झालेल्या करारात व्यापार खुला करण्याचं कलमच नव्हतं. ते आलं चार वर्षांनी, दुसऱ्याच माणसाच्या हातून, आणि त्या वेळी जपानच्या किनाऱ्यावर एकही गोळा पडला नाही. जपानचं खरं नुकसान तोफांपेक्षा त्या करारातल्या दोन-चार ओळींनी केलं. म्हणून हा लेख पेरीवर थोडा आणि त्या ओळींवर जास्त आहे.

बंद म्हणजे किती बंद?

आधी तिथली राज्यव्यवस्था बघू, कारण पुढचा सगळा पेच तिच्यातून आला. क्योतोला सम्राट होता, पण कारभार एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला बसलेल्या शोगुनच्या हातात होता. साताऱ्याला छत्रपती आणि पुण्याला पेशवे, असं डोळ्यांपुढे आणलं तर मराठी वाचकाला हे चटकन कळतं. शोगुनपद १६०३ पासून तोकुगावा घराण्याकडे होतं आणि त्याच्या सरकारला 'बाकुफू' म्हणत. त्याखाली अडीचशेच्या वर दाइम्यो, म्हणजे आपापल्या मुलखाचे सरदार, होते.

देश बाहेरच्यांना बंद ठेवण्याच्या व्यवस्थेला 'साकोकू', म्हणजे साखळदंडानं बांधलेला देश, असं नाव आहे. पण तो शब्द १८०१ चा. एका जर्मन डॉक्टरचं जुनं लेखन भाषांतरित करताना नागासाकीच्या शिझुकी तादाओ या दुभाष्यानं तो घडवला. त्याआधीची दीडशेहून जास्त वर्षं जे लोक या व्यवस्थेत जगले त्यांच्याकडे तिच्यासाठी असा शब्द नव्हता, आणि ते साहजिकच आहे, कारण देश पूर्ण बंद कधीच नव्हता. चार दारं उघडी होती. नागासाकीत डच आणि चिनी व्यापारी येत. त्सुशिमा बेटामार्फत कोरियाशी संबंध होता. सात्सुमाच्या सरदाराकडून र्‍युक्यू बेटांशी, म्हणजे आजच्या ओकिनावाशी, आणि उत्तरेला मात्सुमाएमार्फत ऐनू लोकांशी देवघेव चाले. कुणी यायचं, किती जहाजं यायची, कुठे उतरायचं आणि कोणत्या भावानं विकायचं, हे सगळं जपान ठरवत असे.

हे असं का झालं, याच्या कहाणीत गोवा आणि वसई दोन्ही येतात. ज्यांचं शव आजही जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकेत आहे ते फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानच्या कागोशिमा बंदरात उतरले. त्यांच्यासोबत अंजिरो नावाचा जपानी माणूस होता; त्याचा बाप्तिस्मा आदल्या वर्षी गोव्यातच झाला होता. पोर्तुगीजांचा जपानशी व्यापार गोवा, मकाव, नागासाकी असा चाले. चिनी रेशीम जपानात जायचं, जपानी चांदी बाहेर यायची, आणि त्याच जहाजांतून पाद्री उतरायचे. काही दाइम्यो ख्रिस्ती झाले. एदो आणि क्योतोच्या सत्ताधीशांना यात धोका दिसला: प्रजेची निष्ठा दूरच्या पोपकडे वळली आणि सरदारांच्या हाती परदेशी बंदुका आल्या, तर आपलं काय? ५ फेब्रुवारी १५९७ रोजी, तोकुगावांच्या आधी जपानवर सत्ता गाजवणाऱ्या हिदेयोशीच्या हुकमानं नागासाकीच्या टेकडीवर २६ ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढवलं गेलं. त्यांत वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया होते. वसईत त्यांच्या नावाचं कॉलेज आहे, पण ते गेले कुठे आणि कशापायी हे तिथून रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल, असं मनात येतं.

पुढे दोर आवळत गेला. १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. १६३५ मध्ये जपान्यांना परदेशी जायला बंदी झाली आणि बाहेर गेलेला परत आला तर देहान्ताची शिक्षा ठरली. १६३७-३८ मध्ये शिमाबारात शेतकऱ्यांचं मोठं बंड झालं, त्यात बरेचसे ख्रिस्ती होते. १६३९ मध्ये पोर्तुगीजांना हाकललं. उरले डच. त्यांना धर्मप्रसारात रस नव्हता, व्यापारात होता. १६४१ मध्ये त्यांना नागासाकीच्या देजिमा या कृत्रिम बेटावर ठेवलं. पंख्याच्या आकाराचं हे बेट चार एकरांहूनही लहान. जगातल्या एका मोठ्या व्यापारी कंपनीची माणसं तिथे जवळजवळ नजरकैदेत राहून धंदा करत होती.

खबर सगळी होती

'जपान झोपलेला होता' हे वाक्य मला पटत नाही. दरवर्षी बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, डच जहाज आलं की कप्तानाला जगातल्या घडामोडींचा अहवाल द्यावा लागे. दुभाषे तो जपानीत उतरवून एदोला पाठवत. १७२० नंतर परदेशी पुस्तकांवरची बंदी सैल झाली. मग डच भाषेतून वैद्यक, खगोल, तोफा यांवरची पुस्तकं जपानी विद्वान वाचू लागले. १७७४ मध्ये शरीरशास्त्राचा एक डच ग्रंथ जपानीत आला तो याच वाटेनं.

त्यामुळे समुद्रावर काय चाललंय हे एदोला कळत होतं. १७९२ मध्ये रशियाचा दूत उत्तरेला येऊन गेला, १८०४ मध्ये दुसरा नागासाकीला आला. १८०८ मध्ये 'फेटन' हे ब्रिटिश लढाऊ जहाज डच झेंडा लावून नागासाकीत घुसलं, डचांची दोन माणसं ओलीस धरली आणि धाक दाखवून अन्नपाणी घेऊन निघून गेलं. बंदराचं रक्षण करता आलं नाही म्हणून तिथल्या अधिकाऱ्यानं सेप्पुकू करून जीव दिला. १८२५ मध्ये बाकुफूनं फर्मान काढलं: परदेशी जहाज दिसलं की विचार न करता हाकलून लावा.

मग चीनहून बातमी आली. १८३९ ते १८४२ च्या अफूच्या युद्धात ब्रिटननं चीनला हरवलं, हाँगकाँग घेतलं, पाच बंदरं उघडायला लावली. या युद्धाशी मुंबईचा जवळचा संबंध आहे. चीनला जाणारी माळव्याची अफू मुंबई बंदरातून चढायची. आणि २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह ज्या जहाजावर झाला ते 'कॉर्नवॉलिस' मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं होतं. ज्या चीनकडे जपान पिढ्यान्‌पिढ्या विद्येचं माहेरघर म्हणून पाहत आला, त्याची ही गत झालेली ऐकून एदो हादरलं. त्याच वर्षी 'हाकलून लावा' हे फर्मान मागे घेतलं आणि अडचणीतल्या जहाजांना लाकूडफाटा, पाणी देऊन परत पाठवा असा हुकूम निघाला. १८४४ मध्ये तर नेदरलँड्सच्या राजानं स्वतः शोगुनला पत्र लिहिलं: वाफेच्या जहाजांनी जग जवळ आणलंय, आपणहून दार उघडा. बाकुफूनं नम्रपणे नकार कळवला.

अमेरिकेला नेमकं काय हवं होतं?

रेशीम आणि चहा हवा होता, पण त्याआधी हवा होता कोळसा. १८४८ मध्ये कॅलिफोर्निया अमेरिकेच्या ताब्यात आला, तिथे सोनं सापडलं आणि पॅसिफिकच्या पलीकडचा चीन एकदम शेजारी वाटू लागला. पण त्या काळची वाफेची जहाजं कोळशाच्या बाबतीत खादाड होती. वाटेत कुठेतरी कोळसा भरावाच लागे, आणि जपान बरोबर त्या वाटेवर होता. शिवाय दिव्यांना आणि यंत्रांना लागणाऱ्या तेलासाठी अमेरिकेची व्हेल मारणारी शेकडो जहाजं जपानच्या आसपास फिरत. वादळात सापडलेले त्यांचे खलाशी जपानच्या किनाऱ्याला लागले की कैदेत पडत. राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांच्या पत्रात या तिन्ही गोष्टी आहेत: व्यापार, कोळसा, खलाशांना माणुसकीची वागणूक. आमची जहाजं कॅलिफोर्नियाहून अठरा दिवसांत तुमच्याकडे पोहोचू शकतात, असंही त्यात लिहिलं होतं. मैत्रीच्या पत्रातलं हे वाक्य वाचणाऱ्याला धाकासारखं लागलं असणार.

हे पत्र घेऊन ८ जुलै १८५३ रोजी मॅथ्यू पेरी एदोच्या उपसागराच्या तोंडाशी, उरागाला आला. चार जहाजं, त्यांतली दोन वाफेवर चालणारी. काळ्या रंगाची, धूर ओकणारी, वाऱ्याविरुद्ध जाणारी. लोक त्यांना 'कुरोफुने', काळी जहाजं, म्हणू लागले. नागासाकीला जा, असं सांगितलं तर पेरी ऐकेना. शेवटी १४ जुलैला कुरिहामाच्या किनाऱ्यावर पत्र स्वीकारलं गेलं. उत्तरासाठी पुन्हा येतो, जास्त जहाजं घेऊन येतो, असं बजावून तो गेला. तेव्हाच्या एका प्रसिद्ध विनोदी कवितेत मोठी गंमत आहे. 'जोकिसेन' हे एका उंची चहाचं नाव, आणि उच्चारानं 'वाफेचं जहाज'ही. फक्त चार पेले घेतले आणि रात्रीची झोप उडाली, असं ती कविता म्हणते.

सामान्य लोकांची झोप उडाली हे खरं, पण पेरी येणार हे डचांनी बाकुफूला आदल्या वर्षीच कळवलं होतं. बातमी हातात होती, उपाय नव्हता. मोठी जहाजं बांधायला देशात बंदी होती आणि किनाऱ्यावरच्या तोफा जुन्या. त्यातच पेरी गेल्यावर काही दिवसांत शोगुन इएयोशी वारला आणि त्याच्या जागी आलेला मुलगा इएसादा प्रकृतीनं नाजूक होता. कारभार पाहणारा आबे मासाहिरो तेव्हा जेमतेम तिशीचा. त्यानं एक अभूतपूर्व गोष्ट केली: अमेरिकेच्या पत्राचं भाषांतर सगळ्या दाइम्योंना पाठवून त्यांचं मत मागितलं. अडीचशे वर्षांत बाकुफूनं असं कुणाला विचारलं नव्हतं. एकमत व्हावं ही अपेक्षा होती, ते झालं नाहीच. उलट, बाकुफूला आता स्वतःच्या बळावर निर्णय घेता येत नाही हे देशभर उघड झालं. माझ्या मते शोगुनशाहीला पहिला तडा इथे गेला.

पेरी फेब्रुवारी १८५४ मध्ये, सांगितल्यापेक्षा लवकर, परत आला. ३१ मार्चला कानागावाचा करार झाला. शिमोदा आणि हाकोदाते ही दोन बंदरं कोळसा-पाण्यासाठी उघडली, खलाशांना मदत मिळेल, अमेरिकेचा वकील, म्हणजे कोर्टातला नव्हे तर सरकारी प्रतिनिधी, शिमोदात राहू शकेल. वाटाघाटी डच आणि चिनी भाषांच्या मध्यस्थीनं चालल्या होत्या. वकील नेमायला कोणा एकाची इच्छा पुरेशी की दोघांचीही संमती हवी, यावर इंग्रजी आणि जपानी मसुद्यांत फरक राहिला. पेरीनं भेट म्हणून छोटं वाफेचं इंजिन आणि रूळ आणले होते. जपान्यांनी दिलेली तांदळाची पोती सुमो पहिलवानांनी उचलून दाखवली.

बाकुफूला वाटलं, निभावलं. व्यापार टळला.

हॅरिस आणि चीनची भीती

ऑगस्ट १८५६ मध्ये टाउनसेंड हॅरिस शिमोदाला उतरला. न्यूयॉर्कचा व्यापारी, आता अमेरिकेचा वकील. त्याच्यामागे आरमार नव्हतं. सोबत एक डच दुभाषा आणि थोडे नोकर. जपानी अधिकाऱ्यांना तो नकोच होता. त्यांच्या मसुद्याप्रमाणे दोघांची संमती लागत होती. पण त्याला परत पाठवायची हिंमत कुणाची झाली नाही. महिनोन्‌महिने तो तिथे एकटा, आजारी, चिवटपणे बसून राहिला आणि डिसेंबर १८५७ मध्ये शोगुनसमोर उभा राहिला.

त्याचं म्हणणं साधं होतं. इंग्रज चीनशी पुन्हा लढतायत. तिथून मोकळे झाले की ते आरमार घेऊन इकडे येतील आणि अफूसकट करार लादतील. त्याआधी माझ्याशी शांतपणे करार करा. त्यात अफूबंदीचं कलम घालू. हा धाक पोकळ नव्हता. ब्रिटनचा दूत लॉर्ड एल्गिन चीनवर चालून निघालाच होता. १८५७ चा उठाव झाल्यानं त्याची फौज वाटेतून हिंदुस्थानकडे वळवावी लागली आणि चीनची मोहीम लांबली. १८५८ च्या जूनच्या अखेरीस चीनशी तिएनत्सिनचे तह झाले. ती बातमी हाती येताच हॅरिस कानागावाला धावला.

एदोतले जाणते मुत्सद्दी करार करायच्या मताचे होते, पण या वेळी बाकुफूनं क्योतोला सम्राटाची मंजुरी मागितली होती आणि सम्राट कोमेई यांनी ती नाकारली होती. तरीही २९ जुलै १८५८ रोजी 'पोहाटन' या अमेरिकी जहाजावर करारावर सह्या झाल्या. सत्तेवर नुकताच आलेला कारभारी ई नाओसुके यानं ती जोखीम पत्करली. पाठोपाठ नेदरलँड्स, रशिया, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी तसेच करार करून घेतले.

आता त्या ओळी. पहिली: परदेशी माणसानं जपानात गुन्हा केला तर खटला त्याच्याच देशाच्या वकिलासमोर चालेल. दुसरी: आयात-निर्यातीवरची जकात करारातच ठरवलेली, जपाननं एकट्यानं ती बदलायची नाही. तिसरी: पुढे दुसऱ्या कुणाला सवलत दिली तर ती आम्हालाही आपोआप मिळेल. चौथी दिसायला अगदी निरुपद्रवी होती: परदेशी नाणी जपानात चालतील, बंदर उघडल्यावर एक वर्ष जपान सरकार ती वजनास वजन बदलून देईल, आणि तांब्याची सोडून जपानी नाणी देशाबाहेर नेता येतील.

सोनं कसं वाहून गेलं

आपल्याकडच्या दहा रुपयांच्या नाण्यात दहा रुपयांचा धातू नसतो. सरकारी छाप आहे म्हणून ते दहाला चालतं. इचिबू साधारण तसंच होतं. आतली चांदी कमी, छाप बाकुफूची, म्हणून चार इचिबूंना एक सोन्याचा कोबान. देशाचा बाहेरच्या बाजाराशी संबंध तुटपुंजा असल्यामुळे ही व्यवस्था सुरळीत चालत होती. या हिशेबानं जपानात सोनं चांदीच्या जेमतेम पाचपट महाग पडत होतं. बाहेरच्या जगात ते पंधरापट होतं.

आता वजनास वजन लावा. एका डॉलरमध्ये तीन इचिबूंइतकी चांदी. म्हणजे करारानं इचिबूची छाप पुसून टाकली आणि फक्त धातू मोजला. पण तोच इचिबू जपानी सराफाकडे नेला की छापेच्या किमतीनं सोनं मिळत होतं. फरक तिप्पट. सुरुवातीचे चार डॉलर बारा झाले ते असे.

बाकुफूच्या अधिकाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. बंदर उघडण्याच्या तोंडावर त्यांनी चांदीचं नवं, जड नाणं काढलं. त्या हिशेबानं एक डॉलर तीनऐवजी एकाच इचिबूच्या मोलाचा झाला असता आणि सगळा खेळ थांबला असता. उपाय अचूक होता. पण हॅरिस आणि ब्रिटनचा वकील अल्कॉक यांनी करारभंग म्हणून आक्षेप घेतला आणि ते नाणं काही आठवड्यांत मागे घ्यावं लागलं. हे वाचताना मला आजही राग येतो. घर लुटलं जात असताना घरमालकाला कुलूप बदलायची परवानगी मागावी लागत होती.

शेवटी १८६० मध्ये एकच मार्ग उरला: कोबान हलका करायचा. नव्या कोबानाचं वजन जुन्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. सोनं बाहेर जाणं थांबलं, पण देशात नाण्यांचा पूर आला आणि भाव भडकले. त्याच वेळी युरोपात रेशमाच्या किड्यांवर रोग पडून फ्रान्स-इटलीतलं उत्पादन कोसळलं होतं. योकोहामातून कच्चं रेशीम धो धो बाहेर जाऊ लागलं. रेशीम पिकवणाऱ्या गावांत पैसा आला. क्योतोच्या निशिजिन पेठेतले विणकर मात्र सूत मिळेना म्हणून बसून राहिले. ठरलेल्या तनख्यावर जगणाऱ्या खालच्या सामुराईंचे हाल झाले. त्यांना शत्रू समोर दिसत होता: परदेशी, आणि त्यांना आत घेणारं बाकुफू. 'सम्राटाचा मान राखा, परक्यांना हाकला' ही घोषणा याच लोकांची. २४ मार्च १८६० रोजी बर्फ पडत असताना एदोच्या किल्ल्याच्या साकुरादा दरवाजाबाहेर त्यांनी ई नाओसुकेला गाठून ठार केलं.

पुढचं वेगानं घडलं. चोशूच्या सरदाराच्या माणसांनी १८६३ मध्ये शिमोनोसेकीच्या सामुद्रधुनीत परदेशी जहाजांवर तोफा डागल्या. त्याच वर्षी ब्रिटिशांनी सात्सुमाचं कागोशिमा भाजून काढलं, पुढच्या वर्षी चार देशांच्या आरमारानं शिमोनोसेकीच्या तोफा निकामी केल्या. मार खाल्लेले सात्सुमा आणि चोशू शहाणे झाले, पाश्चात्त्य बंदुका घेऊ लागले आणि १८६६ मध्ये एकत्र आले. त्याच वर्षी बाकुफूला जकात आणखी उतरवून सरसकट पाच टक्क्यांवर आणावी लागली. १८६७ मध्ये शेवटच्या शोगुननं सत्ता सोडली, जानेवारी १८६८ मध्ये सम्राटाच्या नावानं नवं सरकार आलं. परक्यांना हाकला म्हणणारेच त्यात होते. सत्तेवर येताच त्यांनी करार पाळायचं ठरवलं आणि ते बदलून घेण्यासाठी सगळा देश बदलायला घेतला.

१८७६ मध्ये त्यांनी लढाऊ जहाजं नेऊन कोरियाशी करार केला. बंदरं उघडा, आमच्या माणसांवर खटले आमच्याच वकिलासमोर चालतील, अशी कलमं त्यात होती. १८८० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांचं सूत जपानात विकलं जात होतं. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या साथीनं जपानी कंपनीची नियमित आगबोट मुंबईला येऊ लागली, ती मात्र जपानच्या गिरण्यांसाठी कापूस न्यायला. परदेशी गुन्हेगारांवर जपानी कोर्टात खटला चालवण्याचा हक्क १८९९ मध्ये परत मिळाला. स्वतःच्या बंदरात उतरणाऱ्या मालावर किती जकात घ्यायची हे ठरवण्याचा हक्क मिळायला १९११ उजाडलं. त्याच्या आदल्या वर्षी जपाननं कोरिया आपल्या राज्याला जोडून टाकला होता.